कोल्हापुरी घेणारे आणि शिवणारे

प्रिय बाळा,

इटलीतल्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तर आपले लोक एवढे का चिडले, आणि तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीने कोल्हापुरी घातली तर तीही चोरीच का, असं तू विचारलंस.

मैत्रिणीला खुशाल घालू दे. ही वस्तू कुणीही पायात घालावी म्हणूनच बनते. अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींचा पिसांचा टोप तसा नाही. तो मान मिळवावा लागतो, हौसेने डोक्यावर चढवायची ती गोष्ट नव्हे.

कंपनीचं वेगळं आहे. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाने त्या चपला नुसत्या चामड्याच्या सँडल म्हणून मांडल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. झाडाची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवायचं, शिवणही चामड्याच्याच वादीने घालायची, खिळा मारायचा नाही, ही विद्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. आपणही हार्मोनियम युरोपातून घेतली आणि भजनात रुळवली, पण त्यामुळे तिथल्या कुणा कारागिराची रोजीरोटी गेली नाही. इथे नफा एकाचा आणि कसब दुसऱ्याचं, म्हणून मला ते खटकलं. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जोडी सुमारे 800 युरोंना विकायचं तेव्हा ठरलं म्हणे.

पण 'आमची कोल्हापुरी' म्हणत ओरडणारे आपण कोण, हेही तुला सांगायला हवं. ती शिवली चर्मकारांनी, कातडं कमावलं ढोर समाजाने. त्यांची चप्पल आपल्याला हवी होती, त्यांना मात्र गावाच्या कडेला ठेवलं, घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. जत्रेत त्यांच्याशी भावासाठी हुज्जत घालणारेही आपणच. कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी जोड्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणीकडे तयार होतात, त्या कारागिरांची आठवण तरी किती जणांना झाली? मलाही राग आला होता. पण या रागावर पहिला हक्क त्या लोकांचा, माझा नंतर.

त्या 800 युरोंतले किती शिवणाऱ्याच्या हातात पडतात, यावर मी लक्ष ठेवून आहे. तुझ्या वाचनात काही आलं तर मला लगेच कळव.

तुझा,
बाबा