घराजवळची मीटिंग की पिण्याच्या वेळेजवळची?

*ताई, वय 41, अंबडला कारखान्यात मशिनवर आहे. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. आज 47 दिवस थेंब घेतलेला नाही. पहिली पाळी साडेतीनला सुटली की आम्ही चौघं बसायचो, ते बंद केलं. केंद्रातून सांगितलं, एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, मीटिंग धर. घराजवळ एक सापडली. गेलो तर समोर आमच्याच कॉलनीतला माणूस! बाकी सगळे पन्नाशीपुढचे. ईश्वराचं नाव सारखं निघत होतं, मी देव मानत नाही. शिवाय त्यांच्या कहाण्या ऐकून वाटलं, मी काही एवढा वाया गेलेलो नाही, पगार कायम घरी दिला. मुलीच्या गॅदरिंगला तेवढा पोचलो नव्हतो. बायको रोज विचारते, गेलात का? मला जमेल अशी मीटिंग नाशकात कशी शोधू?*
*– एक वाचक, सिडको*

भाऊ,

पगार घरी दिला हे तुम्ही ठासून लिहिलंत आणि गॅदरिंगचं एका ओळीत उरकलंत. मला ती ओळच जास्त खरी वाटली. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली तर तिथूनच सुरुवात करा. दुसऱ्याची कहाणी आपल्यापेक्षा वाईट आहे का, हे मोजायला तिथे कोणी जात नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. नोंदवही नाही, फी नाही. थैली फिरते, तिच्यात नवख्यानं काही टाकायलाच हवं असंही नाही.

कॉलनीतल्या माणसाचं म्हणाल, तर तुम्ही त्याला पाहिलंत तसं त्यानंही तुम्हाला पाहिलं. त्याचीही झाकली मूठ तुमच्या हातात आहेच की! तरी जीव अवघडत असेल तर तिथे जाऊ नका. पंचवटी, नाशिकरोड, गंगापूर रोड, कुठेही लांबची गाठा. मात्र लांब-जवळ हा मुद्दाच मला दुय्यम वाटतो. तुमचा धोका साडेतीनला गेटवर सुरू होतो. घरी पोचून चहा घेतला की निम्मी लढाई झाली, असं तुम्हीही मान्य कराल. मीटिंगा बहुतेक संध्याकाळच्या असतात. म्हणजे साडेतीन ते मीटिंग एवढं अंतर भरायचं आहे. तेव्हा संध्याकाळची लवकरात लवकर सुरू होणारी मीटिंग निवडा, आणि तिथे जायचा रस्ता जुन्या अड्ड्यावरून जाणार नाही एवढं बघा. चार किलोमीटर जास्त पडले तरी पडू देत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ मिळणारच नाही, तेव्हा रविवार किंवा मोबाइलवरची ऑनलाइन मीटिंग.

शोधायचं कसं? केंद्रालाच फोन करा, पाठपुराव्याचे गट त्यांना माहीत असतात. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे. मात्र यादीवर विसंबून निघू नका, गटांच्या जागा बदलतात. फोनवर दोन गोष्टी विचारा: भाषा कोणती, आणि मीटिंग ओपन की क्लोज्ड. क्लोज्डला फक्त व्यसनी माणसं बसतात, ओपनला घरचेही चालतात.

अशाच एका ओपन मीटिंगला मी मावसभावाबरोबर गेले होते. शाळेचा वर्ग होता. चौथीच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, भिंतीवर तेराचा पाढा. एक रिक्षावाले काका बोलायला उठले आणि नुसतं "आज प्यायलो नाही" म्हणून खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पुढचा उठला. मावसभाऊ तिथे रमला नाही. तिसऱ्या गटात रमला. म्हणून एका मीटिंगवरून गट मोडीत काढू नका. दोन-तीन गट बघा, प्रत्येकाला चार-पाच वेळा द्या.

देवाचं. एएच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर आहे, पण 'आम्हाला उमगेल तसा' असं त्यांनी 1930च्या दशकातच लिहून ठेवलंय. कित्येक जण समोरच्या गटालाच ती जागा देतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तर कोणी हटकणार नाही. तरीही नकोच वाटलं, तर स्मार्ट रिकव्हरी नावाची देव न आणणारी पद्धत आहे, तिच्या ऑनलाइन बैठका बऱ्याचशा इंग्रजीत असतात.

आपलं गाव द्राक्षांचं. 'वाइन म्हणजे काय दारू का?' असं म्हणणारा मित्र इथे गल्लोगल्ली भेटेल. तिच्यात साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं, बिअरच्या दुपटीच्या आसपास. त्याला हा आकडा सांगा आणि गाडीला किक मारा.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांची. पाय घसरला आणि पुन्हा रोजची सुरू झाली, तर स्वतःच्या जिवावर एकदम बंद करू नका. हात थरथरणं, फिट येणं, भास होणं हे पहिल्या दोन-चार दिवसांतच होतं आणि जिवावर बेतू शकतं. त्या वेळी मीटिंग नंतर, आधी दवाखाना.

वहिनींना त्यांची स्वतःची मीटिंग आहे. अ‍ॅल-अ‍ॅनॉन, घरच्यांसाठी, 1951पासून. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं तर बायकांसाठी 'सहचरी' हा गटच केला. त्या रोज विचारतात, कारण विचारण्यापलीकडे त्यांच्या हातात काही दिलेलंच नाही.

पाळीचा कागद घरात कुठे लावता? फ्रिजवर असेल तर त्यावरच मीटिंगचे वार लिहा. म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही.

– ताई