ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तत्परता कशी पारखावी?

प्रश्न : मोठी, आरामदायी सेडान घेण्याच्या विचारात आहे. दोन गाड्या चालवून पाहिल्या. दोन्हींच्या इंजिनांची ताकद जवळपास सारखी आहे आणि ० ते १०० किलोमीटर वेग गाठण्याच्या आकड्यांतही फारसा फरक नाही. तरीही एक गाडी ॲक्सिलरेटर दाबताच पुढे सरसावते, तर दुसरी क्षणभर थांबून मग ओढते. विक्रेता म्हणतो, "सवय होईल." हा माझा भास आहे की गिअरबॉक्समधला खरा फरक? आणि टेस्ट ड्राइव्हच्या थोडक्या वेळात तो नेमका कसा तपासावा?

उत्तर : आपल्याला जाणवलेला फरक भास नाही आणि विक्रेत्याचे उत्तर अर्धेच खरे आहे. गाडीच्या उशिराशी पाय जुळवून घेतो, पण त्यासाठी तो गरजेपेक्षा जास्त ॲक्सिलरेटर दाबायला शिकतो. मग खालचा गिअर पडला की गाडी हवी त्याहून जोरात सुटते आणि पाय पुन्हा मागे घ्यावा लागतो. हे हिसके चालकाच्या लक्षात येण्याआधी मागच्या आसनावरच्या माणसाला जाणवतात, आणि या वर्गातली गाडी अनेकदा त्याच्यासाठीच घेतलेली असते.

० ते १०० च्या आकड्यावरून गिअरबॉक्सची पारख होत नाही, कारण त्या चाचणीत त्याला विचार करावा लागतच नाही. गाडी उभी असते, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो आणि पुढे एकामागून एक वरचे गिअर टाकत जायचे एवढेच काम उरते. कसोटी लागते ती रोजच्या वापरात. आपण ६०–७० च्या वेगाने वरच्या गिअरमध्ये निवांत चाललेले असता, पुढची गाडी ओलांडायची म्हणून ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबता आणि त्या क्षणी गिअरबॉक्सला आपल्या मनातले ओळखायचे असते. एक गिअर खाली यायचे की तीन, हे ठरवून आतला एक क्लच (गिअर धरणारी-सोडणारी पकड) सोडायचा, इंजिनाचे फेरे वाढू द्यायचे आणि दुसऱ्या क्लचची पकड घ्यायची, तीही धक्का न देता. आपल्या दोन गाड्यांमधला फरक बहुधा इथेच आहे.

मात्र सगळा उशीर गिअरबॉक्सच्या माथी मारण्याआधी तो वेगळा काढून पाहावा लागतो. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पायाचा दाब विद्युत संदेशाच्या रूपाने संगणकाकडे जातो आणि कम्फर्ट मोडमध्ये सुरुवातीच्या दाबाला मुद्दाम मवाळ प्रतिसाद दिलेला असतो. इंजिन टर्बोचे असेल तर कमी फेऱ्यांवर हवेचा दाब तयार व्हायला वेळ लागतो. गिअरबॉक्सचा निर्णय आणि प्रत्यक्ष गिअर बदलणे ही त्यापुढची गोष्ट. हे वेगळे काढण्याचा सोपा मार्ग असा : मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी मॅन्युअल मोडमध्ये टाकून स्टिअरिंगमागच्या पॅडलने असा गिअर लावावा की आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा २५०० ते ३००० च्या दरम्यान स्थिर राहील, आणि मग ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबावा. तळाशी जी खटका लागल्यासारखी जागा असते तिथपर्यंत दाबू नये, नाहीतर बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही स्वतःहून खालचा गिअर टाकतात. इथे गाडीने लगेच ओढले, पण त्याच वेगाला डी (ड्राइव्ह, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते ती स्थिती) मध्ये तसेच दाबल्यावर वाट पाहायला लावली, तर तो उशीर मुख्यतः गिअरबॉक्सचा, किंवा निदान त्याला दिलेल्या सूचनांचा. दोन्हीकडे उशीर सारखाच वाटला, तर शंका इंजिनावर किंवा ॲक्सिलरेटरच्या मवाळपणावर घ्यावी.

डी मध्ये ही परीक्षा घेताना शेजारी बसलेल्या माणसाला आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवायला सांगावे. चालकाने स्वतः काट्याकडे पाहत बसू नये. चांगल्या गिअरबॉक्समध्ये काट्याची उडी आणि पाठीला जाणवणारी ओढ जवळजवळ एकाच वेळी येते. काटा आधी वर जाऊन गाडी नंतर हलली, तर क्लचच्या हस्तांतरात वेळ जातो आहे असे समजावे. काटा पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने हलला, म्हणजे आधी एक गिअर खाली, मग थोड्या वेळाने आणखी एक, तर गिअरबॉक्सचा पहिला अंदाज चुकला होता. अनेक गाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचे कौतुक होते त्यामागे हेही एक कारण आहे. त्यात गिअर धरणारे-सोडणारे पाच क्लच आणि ब्रेक असतात; त्यांपैकी कोणत्याही गिअरमध्ये फक्त दोनच सुटे असतात, त्यामुळे पुष्कळदा एक सोडून दुसरा धरला की काम होते आणि मधले गिअर गाळून थेट बरेच खाली येता येते.

माझ्या मते सर्वात बोलकी चाचणी मात्र याहून संथ वेगाची आहे, आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये ती जवळजवळ कोणीच करत नाही. चौकाजवळ येताना ब्रेक लावून वेग २० पर्यंत उतरवावा, आपण थांबणार असे गाडीला वाटू द्यावे आणि रस्ता मोकळा दिसताच ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर बेताने दाबावा. या क्षणी गिअरबॉक्स दोन निर्णयांच्या मध्ये सापडलेला असतो : थांबण्याच्या तयारीत तो एकेक गिअर खाली येत असतो आणि तेवढ्यात आपला विचार बदलतो. कमी तयारीची गाडी इथे एक क्षण रिकामी पडते, पाय दाबलेला असूनही काहीच घडत नाही, आणि नंतर हिसका बसतो. वळणावर वाहनांमधली फट पकडताना हाच रिकामा क्षण धोक्याचा ठरतो. ही चाचणी वेगवेगळ्या वेगांना पुन्हा करावी, कारण दोष असलाच तर तो बहुधा एखाद्या ठराविक वेगाला दडलेला असतो.

आता आरामाचा भाग. क्लचची पकड झटकन घेतली तर धक्का जाणवतो आणि सावकाश घेतली तर उशीर जाणवतो. आरामदायी सेडानच्या निर्मात्याने थोडा उशीर स्वीकारून धक्का टाळला असेल, तर त्याला दोष म्हणता येणार नाही. हा धक्का पारखण्यासाठी मागच्या आसनाच्या मधल्या आर्मरेस्टवर (हात टेकण्याच्या जागेवर) अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवावी आणि मागे बसलेल्या सोबत्याने पाण्याच्या पातळीकडे पाहावे. सामान्य चालीत वरचा गिअर पडताना पाणी हललेले दिसता कामा नये. थांबताना शेवटच्या काही मीटरमध्ये, दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना, गाडी किंचित पुढे ढकलल्यासारखी होते का, हेही त्यातून कळते.

या सगळ्या चाचण्या गाडी सुरू होताना ज्या मोडमध्ये असते त्याच मोडमध्ये कराव्यात. स्पोर्ट मोडमध्ये जवळजवळ प्रत्येक गाडी तत्पर वाटते, कारण गिअरबॉक्स आधीच एक-दोन गिअर खाली थांबलेला असतो आणि ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद तिखट केलेला असतो. बहुतेक मालक काही आठवड्यांनी ते बटण दाबणे सोडून देतात, मग गाडी तिच्या मूळ स्वभावातच चालते. विक्रेत्याने आपणहून स्पोर्ट मोड लावून दिला, तर तो नम्रपणे काढावा. संगीत बंद ठेवावे, वातानुकूलन चालू ठेवावे, आणि घरी जितकी माणसे बसतील तितकी गाडीत बसवावीत.

शेवटी तापमान. थंड गाडीत तेल घट्ट असते आणि धूर नियंत्रणाची यंत्रणा लवकर तापावी म्हणून गिअरबॉक्स सुरुवातीची काही मिनिटे वरचे गिअर मुद्दाम उशिरा टाकतो. त्यावरून मत बनवू नये. शिवाय शोरूमची गाडी अनेक जणांनी तडाख्याने चालवलेली असते आणि बरेच गिअरबॉक्स चालकाच्या पद्धतीप्रमाणे आपले वागणे बदलतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे आपल्या नेहमीच्या शैलीने चालवावे आणि मग परीक्षा घ्यावी. आपल्या दोन गाड्यांपैकी दुसरी त्यानंतरही चौकातल्या चाचणीत रिकामी पडत असेल, तर ती घेऊ नये असे मी स्पष्टपणे सुचवेन.

प्रश्न : एका गाडीला आठ गिअर आहेत, दुसरीला नऊ. जास्त गिअर असलेली गाडी अधिक तत्पर असते का?

उत्तर : नाही. गिअर वाढतात ते मुख्यतः इंधनबचतीसाठी आणि इंजिन सोयीच्या फेऱ्यांवर ठेवण्यासाठी. मर्सिडीज-बेंझने २००३ मध्ये सात गिअरचा आणि २०१३ मध्ये नऊ गिअरचा ऑटोमॅटिक आणला. मधल्या काळात, २००६ मध्ये, लेक्ससच्या एलएस ४६० या सेडानमध्ये आठ गिअर आले आणि पुढे तिच्या वारसदार गाडीत दहा झाले. गिअर जितके जवळजवळ, तितकी प्रत्येक बदलातली उडी लहान आणि सुखद. पण पर्याय वाढले की निवडीची कामेही वाढतात. नियंत्रण संगणकाची आखणी कच्ची असेल, तर सौम्य चढावर गाडी सातव्या-आठव्या गिअरमध्ये सारखी ये-जा करत राहते. तेव्हा आकडा न पाहता एक लांब, सौम्य चढ शोधावा आणि ॲक्सिलरेटर स्थिर धरून पाहावे.

प्रश्न : दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स सर्वात वेगवान असतो असे वाचले. मग आरामदायी सेडानमध्ये तोच घ्यावा का?

उत्तर : दुहेरी क्लचमध्ये सम आणि विषम गिअरांसाठी स्वतंत्र क्लच असतात आणि पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. २००३ च्या सुमारास फोक्सवॅगन समूहाने हा प्रकार रस्त्यावरच्या गाड्यांत आणला, तेव्हा त्याच्या गिअर बदलण्याच्या वेगाने सर्वांना चकित केले. तो वेग खरा आहे, पण लावून ठेवलेला गिअर बरोबर निघाला तरच. वरचा गिअर तयार ठेवलेला असताना आपण अचानक ॲक्सिलरेटर दाबला, तर आधी तो काढून खालचा लावावा लागतो आणि तिथे वेळ जातो.

दुसरी अडचण अगदी संथ चालीची आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूच सरकते, शिवाय निघताना तेलाच्या प्रवाहामुळे इंजिनाचा जोर काही काळ जवळपास दुपटीपर्यंत वाढतो. दुहेरी क्लचला हेच काम क्लच थोडा घसरवत करावे लागते. गर्दीत किंवा चढावर गाडी मागे-पुढे करताना त्याची अडखळण जाणवू शकते. आधुनिक टॉर्क कन्व्हर्टर निघाल्यानंतर लवकरच आतला क्लच लावून सरळ जोडणी करतो, त्यामुळे "ऑटोमॅटिक म्हणजे घसरणारा आणि आळशी" ही जुनी तक्रार चांगल्या गाडीला आता लागू होत नाही. आरामासाठी सेडान घेणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टरलाच पहिली पसंती द्यावी असे माझे ठाम मत आहे. गाडीत साहाय्यक विद्युत मोटर असेल तर आणखी उत्तम, कारण इंजिनाला जोर धरायला लागणारा क्षण ती भरून काढते.

प्रश्न : सात वर्षे वापरलेली, सुमारे ९०,००० किलोमीटर चाललेली एक महागडी सेडान पाहिली. पी (पार्क) वरून डी लावल्यावर थोडा उशीर होतो आणि मग ठक्क असा धक्का बसतो. मालक म्हणतात की गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे असते, ते कधी बदललेले नाही. काय करावे?

उत्तर : काही वाहन कंपन्या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर चालेल असे सांगतात हे खरे आहे. पण अशा अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. आपण पाहिलेली गाडी या मर्यादेत येऊन पोचलेली आहे, म्हणून तेलबदलाचा खर्च व्यवहारात धरावाच. मात्र तेल बदलल्याने झिजलेला क्लच नवा होत नाही.

पायाने ब्रेक दाबून ठेवून पी वरून डी, डी वरून आर (रिव्हर्स), आणि पुन्हा डी असे सावकाश करून पाहावे. निरोगी गिअरबॉक्स सुमारे एका सेकंदाच्या आत पकड घेतो. दोन सेकंद वाट पाहायला लावून धक्का देणाऱ्या गाडीची तपासणी जाणकार मेकॅनिककडून झाल्याशिवाय पुढे बोलू नये. उशीर नसून केवळ ठक्क आवाज असेल, तर इंजिन किंवा गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी माउंट थकलेले असू शकतात आणि ती दुरुस्ती तुलनेने सोपी असते. नंतर ५० ते ८० च्या वेगाने, ॲक्सिलरेटर अगदी हलका धरून चालवावे. त्या वेळी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी बारीक थरथर आली आणि आरपीएमचा काटा किंचित वर-खाली झाला, तर टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच किंवा थकलेले तेल यांवर संशय घ्यावा. गिअर बदलताना इंजिन मोकळे सुटल्यासारखे गुरगुरले, तर आतली पकड झिजत चालली आहे. नियंत्रण संगणकात नोंदलेले दोष आणि क्लचच्या झिजेप्रमाणे त्याने केलेल्या दुरुस्त्या योग्य उपकरणाने वाचता येतात. त्यांची छापील प्रत मागावी, आणि नोंदी नुकत्याच पुसलेल्या आहेत का हेही विचारावे.

ही सगळी पाहणी रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीपासून सुरू करावी, कारण पहिल्या पकडीतला उशीर तेव्हाच सर्वात स्पष्ट दिसतो. आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये असे मालकांना आधी सांगून ठेवावे आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.