दिव्याभोवती फिरणारा पतंग हवेत एका जागी थांबतो तेव्हा कलंडत कसा नाही?

कलंडतो की! फक्त आपल्याला दिसायच्या आत सावरतो. संध्याकाळी फुलापुढे लांब सोंड खुपसून तरंगणारा हॉकमॉथ (पतंगाचाच एक प्रकार) बघा, अमेरिकेतल्या मॅन्ड्युका जातीत पंख सेकंदाला साधारण २५ वेळा हलतात, म्हणजे नुसता धूसर पट्टा दिसतो. पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा चिकटून राहतो, त्यानेच एवढी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, मिळते, हे एलिंग्टन आणि मंडळी या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं.

आता बॅलन्सचं. अंग डावी-उजवीकडे गरगर वळायला लागलं की एका बाजूचा पंख हवेत जास्त जोरात आपटतो आणि आपोआप ब्रेक लागतो, फुकटात. पण पुढे-मागे डोलणं असं आपोआप थांबत नाही, तिथे सतत सेन्सर आणि करेक्शन लागतं, पोटसुद्धा वाकवतात. माशीकडे त्यासाठी मागच्या पंखांच्या जागी छोट्या दांड्या असतात, पतंगाला त्या नाहीत, मग त्या दांड्यांचं काम मिशा करतात, म्हणजे त्यांच्या बुडाशी असलेले सेन्सर. २००७ मध्ये संजय साने (आता बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत) यांच्या टीमने मिशांचा लांब भाग कापला तर पतंग धडपडायला, आपटायला लागले, आणि तोच तुकडा परत चिकटवला तर पुन्हा नीट उडाले! मला हे फार भारी वाटतं.