चरित्र, चारित्र्य आणि फ्रँकलिनची चूकभूल

प्रश्न असा आलाय: अमेरिकेचा मुत्सद्दी आणि प्रिंटर बेंजामिन फ्रँकलिन, त्याच्या आत्मचरित्रातल्या आत्मसुधारणेच्या भागावर मराठीत लिहायचंय, तर 'मॉरल कॅरेक्टर'ला 'नैतिक चरित्र' म्हणायचं की 'नैतिक चारित्र्य'? आणि तो स्वतःच्या चुकांना सारखं 'एराटा' म्हणतो, त्याला मराठीत काय लिहायचं?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो. चारित्र्य. 'नैतिक'सुद्धा नकोच, चारित्र्यात नीती आलीच. हल्ली बातम्यांत आणि डब केलेल्या मालिकांत 'त्याचं चरित्र चांगलं नाही' असलं काहीतरी रोज कानावर पडतं आणि डोकं फिरतं. हिंदीत चरित्र हा शब्द दोन्हीकडे चालतो, चालू दे, पण मराठीत एखाद्याचं चरित्र चांगलं नाही म्हणजे ते पुस्तक वाईट लिहिलंय!

दुसरा वैताग म्हणजे चारित्र्य हा शब्द आपण फक्त स्त्रीपुरुष संबंधांपुरता करून टाकला. 'चारित्र्यावर संशय' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. स्वतःला सुधारायला फ्रँकलिनने जी वही ठेवली तिच्यात एकूण 13 गुण आहेत, मिताहारापासून सुरुवात, मग मौन, मग व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग असं करत करत शेवटी नम्रता, आणि ज्यावरून आपण लोकांची चारित्र्यं ठरवतो ती लैंगिक शुचिता त्यात बाराव्या नंबरावर आहे. तेरावी नम्रता आधी यादीत नव्हतीच, एका क्वेकर (ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ) मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, तेव्हा ती चिकटवली. त्याच्याकडे चारित्र्य म्हणजे हे सगळं, वेळेवर काम करणं आणि कमी बोलणं धरून.

आता खरी मजा. चरित्र शब्दाचा मूळ अर्थ काय? पाय! चेष्टा नाही. चर् म्हणजे चालणे, फिरणे, त्याला इत्र प्रत्यय. हा प्रत्यय साधन दाखवतो, पाणिनीने त्याची अख्खी ओळ दिलीय: खनित्र म्हणजे खणायचं साधन, लवित्र म्हणजे कापायचं, अरित्र म्हणजे वल्हं, आणि त्याच ओळीत चर्. (पवित्रसुद्धा ह्याच घराण्यातला, ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोम गाळायची गाळणी.) तेव्हा चरित्र म्हणजे चालायचं साधन. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, 116व्या सूक्तात विश्पलेची गोष्ट येते, लढाईत तिचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटला, आणि अश्विनांनी तिला पळता यावं म्हणून लगेच धातूचा पाय बसवला, तिथे त्या तुटलेल्या पायाला शब्द आहे 'चरित्रम्'. काही पंडित म्हणतात विश्पला बाई नव्हतीच, घोडी होती. असेल, मला काय त्याचं, पाय तर पायच ना.

पायावरून चालणं, चालण्यावरून चालणूक, आणि मग दोन फाटे: एक चालून झालेल्या वाटेची हकीकत, ते आपलं चरित्र, आणि दुसरा चालायची रीत, ते चारित्र किंवा चारित्र्य. ह्यात शुद्धतेवाले मध्येच येतात की 'चारित्र'च बरोबर, 'चारित्र्य'मध्ये उगाच य लावलाय, ऐक्यता किंवा सौंदर्यतासारखा डबल भाववाचक झालाय. काहीतरीच. वाल्मीकी नारदाला 'चारित्रेण च को युक्तः' विचारतो, जैनांच्या त्रिरत्नांत सम्यक् चारित्र आहे, हे सगळं कबूल, पण चारित्र्यसुद्धा संस्कृत कोशात व्यवस्थित बसलेलं आहे आणि मराठीत तर तेच रुळलंय. य काढून काय मिळणार आहे?

ह्याहून मोठा उच्छाद म्हणजे 'कॅरेक्टर हा शब्द आपल्या चारित्र्यावरूनच गेला' ही फॉरवर्ड होत फिरणारी थिअरी. आवाज जुळला की झालं, लावलं नातं. कॅरेक्टर ग्रीकातून आलाय, मूळ क्रियापद ओरखडणे, कोरणे अशा अर्थाचं, आणि त्यावरून 'खाराक्तेर' म्हणजे कोरायचं हत्यार, नाण्यावर उमटवलेला छाप. चर् धातूचं खरं गोत वेगळीकडे आहे, लॅटिनमधलं 'कोलेरे', म्हणजे जमीन कसणे, राहणे, ज्यावरून कल्चर आलं, आणि आपलं चक्र. म्हणजे चारित्र्याचा भाऊबंद शोधायचाच असेल तर तो कल्चर आहे, कॅरेक्टर नव्हे!

पण फ्रँकलिनपुरतं बघितलं तर कॅरेक्टर शब्द त्याला असा चपखल बसतो की बस. कारण हा माणूस मुळात प्रिंटर. इंग्रजीत कॅरेक्टर म्हणजे छापायचं अक्षर पण, आपले जुने जुळारी ज्याला खिळा म्हणायचे तो. फिलाडेल्फियात हा काम करायचा त्या छापखान्यात खिळे कमी पडायचे आणि अख्ख्या अमेरिकेत तेव्हा खिळे ओतणारा नव्हता, तेव्हा ह्याने स्वतः साचा तयार केला, असलेले खिळे ठशासारखे शिशात ठोकले आणि नवे ओतले. म्हणजे हाताने कॅरेक्टर घडवणारा माणूस, आणि तोच पुढे नैतिक परिपूर्णता गाठायचा बेत आखतो, आणि तोही कसा, तर वहीत. लाल शाईने आखलेली पानं, आडवे सात दिवस, उभे तेरा गुण, चुकलं की त्या घरात काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष, 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. खोडून खोडून वहीला भोकं पडायला लागली तेव्हा हस्तिदंताच्या पानांवर रेघा आखल्या, ठिपके शिसपेन्सिलीने, ओल्या स्पंजने पुसले की पाटी कोरी.

माझं म्हणणं असं (आणि हे मला कुठल्या कोशात सापडलेलं नाही, माझंच आहे), की फ्रँकलिन शब्द वापरतो ग्रीक पण त्याची कल्पना आपली आहे. छाप एकदा उमटला की उमटला, ठिपके कशाला मोजायचे मग? तो मोजतो ती पावलं. व्यवस्थितपणा त्याला आयुष्यभर जमला नाही, हे तो सरळ सांगतो, आणि तरी म्हणतो की प्रयत्न केला नसता तर जसा झालो असतो त्यापेक्षा बरा आणि सुखी झालो. हे छापाचं बोलणं नाही, हे पायाचं बोलणं आहे. चरित्र! हे 1784मध्ये पॅरिसजवळच्या पासीला बसून लिहिलंय, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षात, तेव्हा नवशिक्याचा उत्साह म्हणून सोडून देता येत नाही.

बरं, एराटा. राहिलंच होतं. हा छापखान्याचा शब्द, पुस्तकाच्या शेवटी लावतात ते शुद्धिपत्र. भावाच्या छापखान्यातली शिकाऊ उमेदवारी अर्धवट टाकून 1723मध्ये बोस्टनहून पळाला, ती सुरुवातीची एक. व्हर्नन नावाच्या माणसासाठी वसूल केलेले पैसे स्वतःच खर्चून टाकले, ती दुसरी. लंडनला गेल्यावर मिस रीडला, जिच्याशी लग्नाचं बोलणं झालं होतं तिला, एकच पत्र टाकलं, तेही लवकर परत येत नाही असं कळवायला, ती अजून एक. हे सगळे एराटा. ह्याला 'पाप' किंवा 'अपराध' लिहाल तर मुद्दाच गेला, कारण शुद्धिपत्रातली चूक सुधारता येते आणि तो सुधारतो: व्हर्ननचे पैसे व्याजासकट फेडले, भावाच्या मुलाला शिकवून धंद्याला लावलं, 1730मध्ये मिस रीडशी संसार थाटला. आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच म्हणतो की हेच आयुष्य पुन्हा मिळालं तर हरकत नाही, फक्त लेखकाला दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या करता येतात तेवढी सवलत द्या. एक विद्वान 'स्खलने' सुचवतात. अर्थ तसा छान आहे, पाय घसरणे, माझ्या थिअरीला पण सोयीचा, पण आज तो शब्द वाचून लोकांच्या मनात काय येतं ते सांगायला नको.

माझं मत 'चूकभूल'. लॅटिन एरारे म्हणजे भटकणे, वाट सोडणे, आणि आपण 'वाट चुकला' म्हणतोच की. प्राकृतात चुक्क आणि भुल्ल शेजारी शेजारी, प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने दोन्ही एकाच धातूचे आदेश (त्याच्या जागी येणारी रूपं) म्हणून दिलेत, भ्रंश्, म्हणजे घसरणे, ढळणे. शिवाय बिलाखाली लिहितात ना, चूकभूल द्यावी घ्यावी, तो हिशोबनीसाचा सूर फ्रँकलिनचाच आहे. मुत्सद्दी शब्दाचं तर काय सांगू, आपण त्याला स्टेट्समन म्हणून वापरतो पण मुघल दफ्तरात मुत्सद्दी म्हणजे कारकून, हिशोब ठेवणारा. फ्रान्सला अमेरिकेचा वकील म्हणून गेलेला हा गृहस्थ दोन्ही अर्थांनी मुत्सद्दी.

'व्हर्च्यू'ला सद्गुण लिहा. पुण्य लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दमलोय.