सोलापुरात शिक्षक आणि ग्रंथपालांसाठी दोन दिवसांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण ठेवायचंय. कोणती ॲप्स शिकवावीत?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: "ग्रंथपालांना दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बोलावलं तर चालेल ना? त्यांचा तसा संबंध कमी येतो." ॲप्सचं खाली सांगतोच, पण माझं उत्तर मुळात या वाक्याला आहे. नाही चालणार. पहिल्या दिवशी सकाळी, पहिल्या रांगेत बसवा त्यांना.

हेच वाक्य शहरातल्या एका शाळेत प्रशिक्षण द्यायला आलेल्या मार्गदर्शक साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या शाळेच्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही, म्हणजे पुस्तकांची यादी, एक्सेलमध्ये उतरवलेली होती. अर्धी यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आणि अर्धी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी दिसणाऱ्या आताच्या पद्धतीत. जुना फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परिवर्तक, म्हणजे जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारं साधन, वापरून तो भाग बदलून घेतला. यादी नीट दिसायला लागली. शोधायला गेलं तर ज्या नावात 'दुसऱ्या' आहे अशी निम्मी पुस्तकं सापडेनात. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरच भिकार आहे, दुसरं घ्या.

सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ओळखायचं कसं? शब्दात किती चिन्हं आहेत ते मोजणारं एक्सेलचं 'लेन' (LEN) सूत्र लावा. 'दुसऱ्या' पहिल्या तऱ्हेनं टंकलेला असेल तर ७ येतात, दुसऱ्या तऱ्हेनं असेल तर ८. दुरुस्तीला एकाच्या जागी दुसरं भरणारं 'सबस्टिट्यूट' (SUBSTITUTE) सूत्र: 'र्' आणि त्याला जोडून 'युनिकॅर' (UNICHAR) ८२०५, म्हणजे ते न दिसणारं जोडचिन्ह, हे शोधायचं, त्याजागी 'ऱ्' भरायचं. एक्सेल २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्तीत हे चालतं. 'ॲ'चीही तीच कथा. कुठे ते एकच अक्षर असतं, कुठे 'अ'वर वेगळा चंद्र दिलेला असतो. सूत्र मूळ स्तंभावर लावू नका, शेजारी नवा स्तंभ करा आणि मूळ तसाच ठेवा.

त्या दिवशी हे पकडलं ते ग्रंथपालांनी, कारण यादीत पुस्तक आहे आणि शोधात नाही, हा खेळ त्या रोज बघत होत्या. साहेबांनी तरीही विषय "लायब्ररीचा" म्हणून गुंडाळला. आता ऐका हा विषय लायब्ररीचा का नाही ते. विज्ञानाचे सर गूगल फॉर्मवर चाचणी घेतात, लघुउत्तराला योग्य उत्तर म्हणून 'ॲल्युमिनिअम' भरून ठेवतात. पोरगं फोनवरून अगदी तेच लिहितं, पण त्याच्या कीबोर्डनं 'ॲ' दुसऱ्या तऱ्हेनं उमटवलेला असतो. गुण शून्य. फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो, डोळ्यांना काय दिसतं ते नाही. म्हणून मराठी लघुउत्तराला योग्य उत्तरांच्या यादीत दोन्ही तऱ्हा भराव्या लागतात, किंवा सरळ बहुपर्यायी प्रश्न द्यावा. ग्रंथपालाची अडचण आणि सरांची अडचण एकच आहे, आणि दोघांना एका बाकावर बसवल्याशिवाय ती दोघांनाही दिसत नाही.

एक्सेलमध्ये आणखी दोन ठिकाणी हमखास माती होते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, १३ अंकी असतो. स्तंभ आधी 'टेक्स्ट' केला नाही तर तो ९.७८ आणि पुढे ई अशा रूपात आक्रसतो, आणि तशीच फाइल सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्यात) जतन केली की उरलेले अंक कायमचे जातात. दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. दुसरं, मराठी यादी जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलंत तर प्रश्नचिन्हांची पलटण मिळेल.

बारकोडसाठी महागडं काही लागत नाही. कोड ३९ (बारकोडचा एक साधा प्रकार) चा फुकट फॉन्ट घ्या, क्रमांकाच्या मागेपुढे तारांकन द्या (ते नसेल तर स्कॅनर वाचतच नाही), ए-४ वर ६५ लेबलं बसणारा कागद आणा आणि लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई पसरली की बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. लेबल मुखपृष्ठावर वर डावीकडे लावा, म्हणजे वार्षिक मोजणीत पुस्तक उघडावं लागत नाही. आणि संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे कीबोर्डच. बारकोडात इंग्रजी अक्षरं असतील आणि भाषा मराठी इनस्क्रिप्टवर (मराठी टंकलेखनाच्या कीबोर्ड मांडणीवर) राहिली असेल तर स्कॅनर काना-मात्रा उमटवणार. त्यात स्कॅनर बिघडलेला नसतो, भाषा बदला.

आता वर्गातल्या साधनांकडे. वर्गातल्या स्पर्शाच्या मोठ्या पडद्यावर, म्हणजे पॅनेलवर, लॅपटॉपचं चित्र येतं पण बोट चालत नाही, ही तक्रार प्रत्येक शाळेत आहे. एचडीएमआय केबल फक्त चित्र आणि आवाज नेते. स्पर्शासाठी पॅनेलपासून लॅपटॉपपर्यंत वेगळी यूएसबी केबल लागते, ती बहुतेक वेळा खोक्यातच पडून असते. ती ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. यूएसबी २ ची मर्यादा तेवढीच आहे, पुढे स्पर्श अडखळतो. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत बटण पाडायचं नाही. आपल्याकडच्या धुळीत त्याची जाळी तुंबते आणि तो तापून आपोआप बंद पडतो. त्यासाठी तंत्रज्ञ कशाला बोलवायचा? जाळी झटका.

क्यूआर कोडबद्दल आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यात क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांचं काम होतं. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात 'क्यूआर बनवा' हा तास असतोच. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. फुकट संकेतस्थळं बरेचदा त्यांच्या स्वतःच्या दुव्याचा कोड देतात. मुदत संपली की छापलेला कोड मेला. 'स्टॅटिक', म्हणजे थेट तुमचाच दुवा असलेला, कोडच घ्या. आणि गूगल ड्राइव्हवरची फाइल 'दुवा असलेल्या कुणालाही' अशी खुली केली नाही तर पोरांना परवानगी मागणारा पडदा दिसतो. कोड छापताना बाजू किमान २ सेंटिमीटर आणि चारी बाजूंनी पांढरी जागा. हे कोड कुठल्या पुस्तकावर, कुठल्या कपाटात, याची नोंद कोण ठेवणार? परत ग्रंथपालच.

तुमची यादी: दीक्षा, म्हणजे शालेय पाठांचं सरकारी ॲप (पाठ आधी फोनवर उतरवून ठेवा, सभागृहातल्या वायफायवर एकदम चाळीस जणांना उतरवायला लावू नका), गूगल फॉर्म्स, इनस्क्रिप्ट टंकलेखन, एक्सेल. बस. इंटरनेट रडतंय अशा शाळांसाठी कोलिब्री, म्हणजे इंटरनेटशिवाय पाठ दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. ते रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर चालवणार असाल तर ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच चार्जर, फोनचा जुना लावला की ते मधेच बंद पडतं. दहा ॲप्स दाखवणारा मार्गदर्शक म्हणजे एकही न शिकवणारा, हे माझं मत त्या साहेबांमुळे झालं असेल, पण बदललेलं नाही. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, दोघांत एक संगणक द्या, आणि प्रत्येकानं स्वतःची फाइल आणायची: सरांची प्रश्नपत्रिका, ग्रंथपालांची दाखल यादी. नमुना फाइलीवर सगळं नीटच चालतं, म्हणून ती नको. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते तास व्हिडिओ चालू ठेवून भाकरी खाण्यात जाऊ नयेत एवढंच.

आता थोडे पण-परंतु. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या असं कुणीतरी सांगेलच. सॉफ्टवेअर उत्तम आणि मोफत, पण ते विंडोजवर नाही, डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर चालतं, सांभाळायला माणूस लागतो, आणि त्यातल्या झेब्रा शोधयंत्रात 'आयसीयू' ही युनिकोड मजकूर हाताळणारी सोय चालू केली नाही तर देवनागरी शोध नीट लागत नाही. ग्रंथपाल अर्धवेळ असेल तर पाच हजार पुस्तकांपर्यंत स्वच्छ एक्सेल पुरतं. पुढे कोहात जायचं झालं तर हाच स्वच्छ तक्ता मार्कएडिट या ग्रंथालय-नोंदी बदलणाऱ्या मोफत साधनातून, ठरलेल्या क्रमांकांच्या रकान्यांत नेता येतो: नाव २४५ मध्ये, लेखक १०० मध्ये, बारकोड ९५२ च्या 'पी' उपक्षेत्रात. तुमच्याकडे उर्दू किंवा कन्नड पुस्तकं असतील (सोलापुरात नसतील असं होणं कठीण), तर नाव मूळ लिपीत ठेवा आणि देवनागरीतलं नाव वेगळ्या स्तंभात द्या, नाहीतर मराठीच्या बाईंना ते पुस्तक कधी सापडणार नाही. फॉर्ममध्ये मुलांचे आधार क्रमांक मागू नका. तारीख एप्रिल-मेची नको. बेचाळीस अंशांत चाळीस माणसं, बंद खिडक्या आणि तापलेला प्रोजेक्टर एका खोलीत टिकत नाहीत. ठेवायचंच असेल तर सकाळी साडेसातला सुरू करा, आणि ती यूएसबी केबल आदल्या दिवशी खोक्यातून काढून जोडून बघा.