"टीचर, तुम्ही नमाज का पढत नाही?"

मालदीवच्या एका बेटावर गणित शिकवणाऱ्या सांगलीकडच्या बाईंनी आमच्यासोबतच्या पहिल्याच मार्गदर्शन सत्रात कॉलवर विचारलं, "मी हिंदू आहे हे लपवायचं का?" तिथं सुट्टी शुक्रवार-शनिवार, शनिवारी रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. सातवीतल्या मुलानं भर वर्गात नमाजाविषयी विचारलं, तेव्हा गोंधळून त्या म्हणाल्या होत्या, "देव सगळे एकच."

चूक इथं झाली. आपल्याकडे हे वाक्य समजूतदारपणाचं. तिथं ते धर्मावरचं मत ठरतं. मालदीवच्या 2008च्या राज्यघटनेनुसार मुस्लिमेतराला नागरिकत्व मिळत नाही, आणि तिथल्या कायद्यानं अन्य धर्माचा प्रचार हा गुन्हा आहे. परदेशी माणसाला मात्र खासगीत उपासना करता येते, स्थानिकांना त्यात ओढायचं नाही. म्हणजे खोटं बोलायची गरजच नाही, फक्त चर्चा करायची नाही.

उत्तर ठरवलं तीन वाक्यांचं: "माझा धर्म वेगळा आहे. नमाजाबद्दल इस्लामच्या सरांना विचार. आता अपूर्णांक." कॉलवर आम्ही तो मुलगा झालो आणि दहा वेळा विचारलं. पहिल्या पाच वेळा बाई सफाई देत राहिल्या. "मग तुम्ही नरकात जाणार?" असा पुढचा प्रश्न येतोच, तेव्हाही तीच वाक्यं, त्याच आवाजात. वाद नाही, तुलना नाही, हसून टाळणंही नाही. हसण्याचा अर्थ मुलं घरी भलताच सांगतात. त्याच दिवशी पर्यवेक्षकांना दोन ओळींत लेखी कळवायचं, कारण छोट्या बेटावर गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचते आणि वाटेत बदलते.

रमजानात दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी आहे, हे नव्हतं. घरचे पार्सलनं गणपती पाठवणार होते. ते लगेच थांबवलं.

खरा त्रास कायद्याच्या भीतीपेक्षा सतत स्वतःवर पहारा ठेवण्याचा होता. त्या थकव्याकडे फार कमी जण लक्ष देतात. म्हणून दर शुक्रवारी तासभर बहिणीशी मराठीत बोलायचं, शाळेचा विषय वर्ज्य. भाद्रपदात बाईंनी खोलीचं दार लावून मानसपूजा केली. आरती हेडफोनवर ऐकली. रविवारी वेळेवर शाळेत होत्या.