'एपेक्स' म्हणजे सर्वांत उंच जागा की नुसतं टोक? आणि हा शब्द आला कुठून?

कोशात 'शिखर', 'सर्वोच्च बिंदू' असा अर्थ दिलेला असतो. तो चूक नाही, पण तेवढाच धरून चाललात तर हृदयाच्या एपेक्सपाशी अडाल, कारण तो खाली असतो. या शब्दात उंचीपेक्षा निमुळतेपणा महत्त्वाचा आहे. एखादी वस्तू निमुळती होत जिथे संपते, ते टोक म्हणजे एपेक्स. असं टोक बहुधा वरच्या बाजूला असतं, म्हणून 'सर्वोच्च' हा अर्थ त्याला चिकटला.

मूळ पाहिलं की हे लगेच पटतं. प्राचीन रोममध्ये फ्लामेन नावाचे पुरोहित डोक्याला घट्ट बसणारी टोपी घालत. तिच्या माथ्यावर ऑलिव्हच्या लाकडाची छोटी काडी उभी असे, तिला लोकर गुंडाळलेली. या काडीला लॅटिनमध्ये 'आपेक्स' म्हणत. पुढे अख्ख्या टोपीलाच ते नाव पडलं. मग शिरस्त्राणाचं टोक, ज्योतीचं टोक, डोंगराचा माथा असे अर्थ येत गेले. टोपीचा मान मोठा होता. ज्युपिटर देवाच्या पुरोहिताला ती घातल्याशिवाय उघड्या आकाशाखाली जायची मुभा नव्हती. सुल्पिकिउस नावाच्या पुरोहिताच्या डोक्यावरून बळी देताना ती पडली, तेवढ्यावरून त्याचं पद गेलं! शब्दाचा धातू बहुधा 'आपेरे', म्हणजे बांधणे किंवा जोडणे, हा असावा. टोपीला पक्क्या बसवलेल्या काडीला ते शोभतंही.

लॅटिन लेखनात दीर्घ स्वरावर काढायच्या तिरक्या रेघेलाही हेच नाव होतं. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने 'मालुस' आणि 'मलुस' यांचं उदाहरण दिलं आहे: पहिला शब्द झाडाचा, दुसऱ्याचा अर्थ 'वाईट'. फरक फक्त त्या रेघेचा. अक्षरावरच्या या बारीक खुणेवरून बारकावा, कीस काढणं असाही अर्थ निघाला. 'कायद्याचे एपेक्स म्हणजे कायदा नव्हे' अशा अर्थाचं एक जुनं लॅटिन कायदेवचन आहे. तिथे 'शिखर' लावून पाहा, वाक्याचा काही बोधच होणार नाही.

इंग्रजीत हा शब्द 1600च्या सुमारास आला. अनेकवचन 'एपेक्सेस' किंवा 'एपिसीझ', दोन्ही चालतात. शास्त्रीय लेखनात दुसरं जास्त दिसतं. विशेषण मात्र 'एपिकल', कारण लॅटिनमधलं मूळ अंग 'आपिक्' आहे.

आता शरीराकडे. हृदयाचा रुंद भाग वर असतो आणि त्याला 'बेस' म्हणतात. निमुळतं टोक खाली, डावीकडे, साधारण पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत. हृदयाचे ठोके हाताला सहसा तिथेच लागतात. फुप्फुसाचा एपेक्स खरोखरच वर असतो, कॉलरबोनच्याही थोडा वर. दातात तो मुळाच्या टोकाला असतो: खालच्या दातांचा खाली, वरच्या दातांचा वर. रूट कॅनलमध्ये मुळाची लांबी मोजायच्या यंत्राला 'एपेक्स लोकेटर' म्हणतात ते यामुळेच. क्ष-किरणचित्रात दिसणाऱ्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबण्याची पद्धत आहे. पुढे गेलं तर मुळाबाहेरच्या ऊतींना इजा होते.

भूमितीत घोळ होतो तो 'व्हर्टेक्स'शी, म्हणजे कडा जिथे मिळतात त्या कोपऱ्याशी. घनाला 8 व्हर्टेक्स असतात, एपेक्स एकही नाही. आधी तळ ठरवायचा, मग त्याच्या समोरचं टोक एपेक्स. शंकूला तो एकच. त्रिकोणी पिरॅमिडमध्ये मात्र कुठलीही बाजू तळ धरता येते, त्यामुळे तळ बदलला की एपेक्सही बदलतो. घनफळ काढताना एपेक्सपासून तळाच्या प्रतलावर टाकलेल्या लंबाची उंची घ्या, तिरकी नव्हे. एपेक्स एका बाजूला झुकलेला असला तरी सूत्र तेच राहतं: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले 3.

मोटारशर्यतीत वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे सर्वांत जवळ जाते ती जागा एपेक्स. इथे उंचीचा प्रश्नच नाही. ती जागा फार लवकर गाठली की वळणातून बाहेर पडताना गाडी बाहेरच्या कडेकडे फेकली जाते आणि वेग सोडावा लागतो.

मराठीत आणताना सगळीकडे एकच प्रतिशब्द ठोकू नका. संस्था किंवा न्यायालय असेल तर 'शिखर' किंवा 'सर्वोच्च', पान, मूळ, दात, हृदय यांना 'अग्र' किंवा साधं 'टोक', शंकूला 'शिरोबिंदू'. 'एपेक्स प्रिडेटर'ला 'सर्वोच्च भक्षक' म्हणावं: पूर्ण वाढ झाल्यावर ज्याची शिकार सहसा दुसरा कुठला प्राणी करत नाही, असा. 'अपोजी'शी (पृथ्वीभोवतीच्या कक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू) मात्र याचं नातं जोडू नका, तो ग्रीक शब्द आहे, 'पृथ्वीपासून दूर' या अर्थाचा.